चार दिवसांची पाठराखीण

नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण पाठवायची रीत आपल्याकडे होती. काही घरांत अजूनही आहे. धाकटी बहीण, मावशी, कधी आजी. परक्या घरात मुलीला पाण्याचे, आंघोळीचे विचारायला एक आपले माणूस असावे, रात्री शेजारी निजायला कुणी असावे, एवढाच त्यात हेतू. रीत मायेची खरी. पण चार दिवसांनी पाठराखीण परत यायची आणि खरे सासर त्यानंतर सुरू व्हायचे. तिथे जाच झाला तर दाद कुठे मागायची, हे पाठराखिणीलाही ठाऊक नसे.

वन्यजीव आणि निसर्ग-संवर्धनाच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी परिषदांमधून हल्ली जे 'मेंटॉरिंग' चालते, ते मला या पाठराखिणीसारखे वाटते. ते वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. ते अपुरे आहे आणि अपुरे असूनही पुरेसे मानले जाते, एवढेच इथे मांडायचे आहे.

संवर्धन हा आता हौशी मंडळींचा छंद राहिलेला नाही. वाघ, कासवे, माळराने, खारफुटी यांचा अभ्यास आणि रक्षण हा एक व्यवसाय झाला आहे. त्याच्या पदव्या आहेत, संस्था आहेत, प्रकल्पांचे पैसे आहेत, नोकऱ्या आहेत आणि अर्थातच परिषदा आहेत. संवर्धनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी केंब्रिजला २००० साली एक परिषद सुरू झाली. तिच्या धर्तीवर २०१० पासून बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात तशीच परिषद भरू लागली. बोलायचे विद्यार्थ्यांनी आणि ऐकायचे ज्येष्ठांनी, ही तिची पद्धत. उलटे वळण घालून दिले, हे चांगलेच झाले. आपल्याकडच्या बहुतेक परिषदांत ज्येष्ठ व्यासपीठावर आणि तरुण मंडळी खुर्च्या मांडायला, अशीच वाटणी असते.

अशा परिषदांत मेंटॉरिंग म्हणजे नेमके काय होते? एखादी अनुभवी संशोधक मुलीच्या पोस्टरसमोर दहा मिनिटे थांबते आणि तिच्या आकडेमोडीतली चूक दाखवते. कुणी तिचा अर्ज वाचून देते. जेवणाच्या टेबलावर नवख्या मुलीला ज्येष्ठांशेजारी बसवतात. कुणी सांगते, अमक्या संस्थेत जागा निघणार आहे, तमक्या शिष्यवृत्तीची मुदत या महिन्यात संपते. ज्यांच्या घरात प्राध्यापक, अधिकारी आहेत त्यांना हे सारे जेवता-खाता कळते. चंद्रपूरच्या किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेल्या मुलीला ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. 'जंगलात हिंडायची कसली नोकरी?' असे घरून विचारले जात असताना, हीच नोकरी करून वीस वर्षे उभी राहिलेली एक बाई समोर दिसणे, हेसुद्धा त्या मुलीला केवढे बळ देते! त्या दहा मिनिटांना किंमत आहे, याबद्दल वाद नाही.

पण याच परिषदांत आणखी एक मार्गदर्शन चालते. ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसते. चहाच्या वेळी, बायकांच्या स्वच्छतागृहात, वसतिगृहाच्या खोलीत, हलक्या आवाजात. 'अमक्या सरांच्या कॅम्पवर एकटी जाऊ नकोस.' 'त्या प्रकल्पात पैसे देतो म्हणतात, सहा महिने देत नाहीत.' 'शिफारसपत्र मागायला संध्याकाळी घरी बोलावतील, ऑफिसातच भेट.' मुलींच्या दृष्टीने परिषदेतले सर्वांत उपयोगी ज्ञान ते हेच. ते असे कुजबुजीने द्यावे लागते, ही त्या व्यवसायाची शरम आहे. शिवाय कुजबुज सर्वांपर्यंत पोचत नाही. जिची कुणाशी ओळख नाही, जी इंग्रजीत गप्पा मारायला बुजते, जी परिषदेला येऊच शकली नाही, नेमकी तीच त्या कॅम्पवर जाते.

कुणाची तरी कृपा

या क्षेत्रात मार्गदर्शन हे पहिल्यापासून व्यक्तीच्या मर्जीवर चालत आले आहे. गाण्यातल्या घराण्यांसारखी इथेही घराणी आहेत. गुरू, त्यांचे शिष्य, त्या शिष्यांचे शिष्य. गुरूबरोबर रानोमाळ हिंडायचे, त्यांच्या तंबूत राहायचे, त्यांची दुर्बीण वाहायची आणि हळूहळू त्यांच्या नावाच्या सावलीत आपले नाव करायचे. मुलग्याला हे जमले. मुलीने परक्या पुरुषाबरोबर महिनोन्‌महिने जंगलात राहायचे, हे ना घराला मानवत होते ना गुरूच्या घराला.

तरीही बायका आल्या, आणि त्या कशा आल्या हे पाहण्यासारखे आहे. रांचीच्या जमाल आरा यांचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले. एका वनाधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांची पक्ष्यांची आवड ओळखली, नोंदी ठेवायला लावले, त्या नोंदींचे लेख करायला मदत केली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे लेख आले आणि मुलांसाठी लिहिलेले पक्षीनिरीक्षणाचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले. नंतर मात्र त्यांचे नाव कित्येक वर्षे विस्मरणात गेले. एका बाईने दुसरीचा हात धरला म्हणून एवढे काम उभे राहिले. पण तो हात सुटल्यावर धरून ठेवणारी संस्था मागे नव्हती.

मद्रासची जे. विजया कॉलेजात असताना तिथल्या सर्पोद्यानात काम करू लागली. सापांना, सुसरींना हात लावणाऱ्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या. तिला तिथे शिकवणारे भेटले, संधी मिळाली आणि तिने तिचे सोने केले. सत्तर वर्षे कुणाला न दिसलेले एक लहानसे रानकासव तिने १९८२ साली केरळच्या जंगलात पुन्हा शोधून काढले. भारतातली पहिली स्त्री सरीसृपशास्त्रज्ञ म्हणून तिचे नाव घेतात. १९८७ साली, तिशीही गाठली नव्हती, तेव्हा जंगलातच तिचा अंत झाला. २००६ मध्ये त्या कासवाच्या कुळाला तिचे नाव मिळाले, 'विजयाचेलिस'. परिषदांतून आज तिची गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगितली जायलाच हवी. मात्र धाडसाची गोष्ट ऐकून धाडस येते, पगार येत नाही. राहायला सुरक्षित जागा येत नाही.

याउलट जानकी अम्माळ यांचे उदाहरण घ्या. १८९७ साली तलश्शेरीला जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जाऊन १९३१ मध्ये डी.एस्सी. झाल्या. त्यामागे बार्बर शिष्यवृत्ती होती. आशियातल्या स्त्रियांनी शिकावे म्हणून खास त्यांच्यासाठी त्या विद्यापीठात ठेवलेला तो निधी होता. शिष्यवृत्तीला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. एकीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी अशा मुली तिच्या आधाराने जात राहिल्या. अम्माळ बुद्धीच्या जोरावर पुढे गेल्याच; पण बुद्धीला वाट करून द्यायला पैसा आणि नियम दोन्ही होते. म्हाताऱ्या वयात सायलेंट व्हॅली वाचवायला उभ्या राहिलेल्या अम्माळ अनेकींना ठाऊक असतात. त्यांच्यामागचा तो निधी फारसा ठाऊक नसतो. मार्गदर्शनाची चर्चा करताना नेमके हेच विसरले जाते.

मार्गदर्शक आणि सत्ता

कृपेवर चाललेल्या मार्गदर्शनात दुसराही धोका आहे. जो कृपा करतो तो ती काढूनही घेऊ शकतो. संवर्धनाच्या कामात मार्गदर्शकाच्या हातात काय काय असते ते पाहा. जंगलात जायचा परवाना त्याच्या नावावर. जीप त्याची. कॅम्पवर कुणी कुठे झोपायचे ते तो ठरवणार. गोळा केलेली माहिती त्याची, शोधनिबंधावर नाव कितवे लागायचे ते त्याच्याकडे आणि पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचेच. शहरातल्या ऑफिसात काही झाले तर मुलगी निदान रिक्षा करून घरी येऊ शकते. फोनला रेंज नसलेल्या कॅम्पवर, जवळचे गाव पंधरा किलोमीटरवर असताना, ती कुठे जाणार?

ही भीती काल्पनिक नाही. क्षेत्रकार्य करणाऱ्या वेगवेगळ्या शास्त्रशाखांतल्या ६६६ जणांनी स्वतःहून दिलेल्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली अमेरिकी संशोधक स्त्रियांनी प्रसिद्ध केला. उत्तरे देणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७१ टक्के जणींना कामाच्या ठिकाणी लैंगिक शेरेबाजी सोसावी लागली होती आणि सुमारे २६ टक्के जणींवर शारीरिक आगळीक झाली होती. सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आहे. पुरुषांना जो त्रास झाला तो अधिक करून बरोबरीच्यांकडून. स्त्रियांना झाला तो अधिक करून वरच्यांकडून. म्हणजे ज्यांनी शिकवायचे त्यांच्याकडून. आणि जिथे काम केले तिथे वागणुकीचे काही नियम होते का, तक्रार कुठे करायची, हे फारच थोड्यांना माहीत होते. उत्तरे देणाऱ्यांत बहुतेक जण शिकाऊ अवस्थेत असतानाच हा त्रास झाला होता.

हे वाचल्यावर 'प्रत्येक मुलीला एक मार्गदर्शक द्या' ही घोषणा किती भाबडी आहे ते लक्षात येते. मार्गदर्शक दिला, पण त्याच्यावर नजर कुणाची? सर्व ज्येष्ठ पुरुष तसे असतात असे कुणीच म्हणत नाही; बहुतेक जण मनापासून शिकवणारेच असतात. पण सुरक्षितता नशिबावर अवलंबून ठेवायची असेल, तर भला सासरा मिळाल्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या सुनेत आणि या मुलींत फरक तो काय राहिला?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. राजस्थानात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवीवर १९९२ साली बलात्कार झाला. बालविवाह थांबवणे हे तिचे सरकारी काम होते आणि ते केल्याची ती शिक्षा होती. त्यातून स्त्री-संघटनांनी लढा दिला, १९९७ साली विशाखा निकाल मिळाला आणि २०१३ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. या कायद्यात 'कामाची जागा' म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. कामानिमित्त जिथे जिथे जावे लागेल ती जागा आणि मालकाने दिलेले वाहनसुद्धा त्यात येते. 'कर्मचारी' म्हणजे पगारी माणूसच नव्हे. शिकाऊ, उमेदवार आणि पैसे न घेता काम करणारी स्वयंसेविकाही त्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी अभ्यास-सहली आणि शिबिरेही कॉलेजच्या आवारातच धरली आहेत. म्हणजे जंगलातला तंबू, जीप आणि परिषदेचे सभागृह ही सगळी कायद्याच्या नजरेखालची ठिकाणे आहेत.

मग अडते कुठे? एक तर मुलींना हे कुणी सांगत नाही. संवर्धनात अनेक संस्था चार-सहा माणसांच्या असतात. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच. पण ती समिती कुठे बसते, हे किती जणींना माहीत आहे? शिवाय तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने. सहा महिन्यांच्या कॅम्पवरून मुलगी परत येते, काही दिवस गप्प राहते, मग धीर करून मैत्रिणीला सांगते, तोवर मुदत टळून गेलेली असते. मार्गदर्शनाच्या सत्रात अर्ज कसा लिहावा हे तासभर शिकवतात. त्यातली पंधरा मिनिटे या तीन महिन्यांबद्दल बोलायला काय हरकत आहे?

परिषदेला न येणाऱ्या

'नवोदित संवर्धक' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती पदवी घेतलेली, इंग्रजी बोलणारी, बहुधा शहरातली आणि बहुधा सवर्ण घरातली मुलगी. तिच्या वाटेतही काटे आहेतच. पण जंगल राखण्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या बायका या चित्रात नसतात. भारतीय वनसेवेत पहिल्या स्त्रिया १९८० साली आल्या. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या आणि वनरक्षक म्हणून मुली मोठ्या संख्येने भरती होऊ लागल्या. खाकी घालून, काठी घेऊन बीट सांभाळणाऱ्या या मुली संवर्धनाच्या व्यावसायिक नाहीत, तर कोण आहेत?

दर चार वर्षांनी देशभर वाघांची गणना होते. तिच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक पायी फिरून पावलांच्या खुणा, विष्ठा, ओरखडे यांची नोंद करतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात स्वाती ढुमणे ही वनरक्षक या कामासाठी मदतनिसांसह पायी निघाली होती. वाघिणीने हल्ला केला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. गणनेचे आकडे पुढे परिषदांमधून पडद्यावर झळकतात, त्यांच्यावर प्रबंध होतात. ज्यांच्या पायांनी ते गोळा झाले त्या बायकांना त्या सभागृहात कोण बोलावते? एकटीने गस्त कशी घालावी, वाघ समोर आला तर काय करावे, पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात कामाची वाटणी कशी मागावी, यांबद्दल त्यांना मार्गदर्शन कोण करते?

त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ अधिकाऱ्याने छळ केल्याचा आरोप त्यांनी चिठ्ठीत केला होता. आपण याबद्दल वरच्यांकडे दाद मागितली होती, असेही तीत होते. दीपाली चव्हाण धाडसी नव्हत्या, त्यांना कुणी शिकवले नव्हते, असे म्हणता येईल का? कर्तबगार अधिकारी म्हणूनच त्या ओळखल्या जात होत्या. त्यांना आणखी आत्मविश्वास शिकवण्याची गरज नव्हती. त्यांचे म्हणणे ऐकून त्यावर हलणारी व्यवस्था हवी होती. बाईला खंबीर करण्याच्या कार्यशाळा पुष्कळ होतात. खात्याला, संस्थेला, सरांना वळण लावण्याच्या कार्यशाळा कधी होणार?

शिकणे-शिकवणे एकाच दिशेने होते, हाही एक गैरसमज आहे. विजयाला ते रानकासव सापडले त्यात केरळच्या कादर आदिवासींची मदत होती. कासवाला तिचे नाव मिळाले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनी, लहान मुलींची आई, हरगिला नावाच्या मोठ्या करकोच्याचा अभ्यास करीत होत्या. २००७ च्या सुमारास दादरा गावात एका माणसाने अंगणातले झाड तोडले आणि वरच्या घरट्यांतली पिल्ले खाली पडली. पूर्णिमादेवींनी प्रबंध बाजूला ठेवला आणि गावातल्या बायकांकडे गेल्या. घाणेरडा, अपशकुनी म्हणून हाकललेल्या या पक्ष्याचे त्या बायकांनी चक्क डोहाळजेवण केले, मागावर त्याची नक्षी विणली आणि झाडे राखली. डॉक्टरेट नंतर झाली. २०१७ आणि २०२४ साली मोठे जागतिक पुरस्कारही मिळाले. गावाला पक्ष्यावर माया करायला कसे लावावे, हे पूर्णिमादेवी कुठल्या परिषदेत शिकल्या नसत्या. ते त्यांना दादराच्या बायकांनी शिकवले. त्या बायकाही कुणाच्या तरी मेंटॉर होऊ शकतात, हे आपल्या परिषदांना सुचत नाही.

'आम्ही नाही का सोसले?'

या मागण्यांवर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला ज्येष्ठ स्त्रियांकडूनच. आम्ही कुणाच्या मदतीशिवाय, उघड्यावर राहून, टोमणे खाऊन वर आलो. आजच्या मुलींना सगळे आयते हवे. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण सासूने सोसले म्हणून सुनेने सोसावे, हा न्याय आपण घरात नाकारला, तो कामाच्या जागी का मानायचा? शिवाय ज्या टिकल्या त्याच आज सांगायला उरल्या आहेत. ज्या मध्येच सोडून गेल्या, त्यांची बाजू कोण सांगणार?

दुसरा आक्षेप पुरुषांचा. इतके नियम केलेत तर आम्ही मुलींना हाताखाली घ्यायलाच कचरू. यावर उत्तर सोपे आहे. नियम असले की सरळ माणसाला शंका घेण्याचे कारण कुणाला उरत नाही. कॅम्पवर कोण कुठे राहील, महिन्याला किती पैसे मिळतील, शोधनिबंधावर कुणाचे नाव येईल हे आधी लिहून ठेवले, तर त्यात प्रामाणिक मार्गदर्शकाचे काय जाणार आहे?

तिसरा आक्षेप पैशांचा. निसर्गाच्या कामाला पैसा कुठून आणायचा, ही सेवा आहे, असे म्हणतात. सेवा हा शब्द बायकांना नवा नाही. नर्स, अंगणवाडी सेविका, आशा, सगळ्यांना तो ऐकवून झाला आहे. चार-सहा महिने बिनपगारी 'अनुभव' घेणे ही या व्यवसायात शिरण्याची फी होऊन बसली आहे. ती कोण भरू शकते? जिच्या घरी खायला आहे ती. बाकीच्या मुली आवड असूनही बँकेच्या परीक्षेला बसतात. मार्गदर्शनाने पगाराची जागा घेता कामा नये.

आणि एक विचार ज्येष्ठ स्त्रियांच्या बाजूनेही करायला हवा. मुलींना मार्गदर्शन म्हटले की ते आपोआप बाईच्या वाट्याला येते. आधीच त्या मोजक्या. परिषदेत स्वतःचे काम मांडायचे सोडून दिवसभर मुलींचे अर्ज वाचत बसायचे, रात्री त्यांचे रडणे ऐकायचे, आणि बढतीच्या वेळी या श्रमाचा उल्लेखही नाही. घरकाम जसे मोजले जात नाही तसेच हे. ते कामात धरले पाहिजे आणि त्यात पुरुषांनीही वाटा उचलला पाहिजे.

काय करता येईल

परिषदा भरवणाऱ्यांना पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. एक, प्रत्येक नवोदित मुलीला एक नव्हे, दोन मार्गदर्शक द्यावेत आणि त्यांतला निदान एक तिच्या संस्थेबाहेरचा असावा, ज्याच्या हातात तिचा पगार नाही की शिफारसपत्र नाही. दोन, ही सोबत परिषदेपुरती न ठेवता निदान वर्षभराची असावी. दर महिन्याला एक फोन झाला तरी पुरे. तीन, तक्रार कुठे करायची ते नाव आणि तो फोन नंबर कार्यक्रमपत्रिकेवर आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर छापावा. चार, प्रवासखर्च आधी द्यावा. 'नंतर बिल पाठवा' म्हटले की गरीब घरची मुलगी तिकीटच काढत नाही. पाच, पाळणाघर ठेवावे. सहा, एखादे सत्र मराठीत, कन्नडमध्ये, तिथल्या भाषेत घ्यावे आणि वनरक्षक स्त्रियांना कर्तव्यावर समजून बोलवावे.

एक गोष्ट तर फुकट करता येते. दहा देशांतल्या पस्तीस संस्थांमधील सुमारे अडीचशे व्याख्याने पाहून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. श्रोत्यांत स्त्रिया आणि पुरुष साधारण सारखे असूनही, प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पटींहून जास्त होती. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की ही दरी आणखी वाढे. प्रश्नांना जास्त वेळ दिला की कमी होई. तेव्हा अध्यक्षांनी पहिला प्रश्न एखाद्या तरुण मुलीला विचारू द्यावा आणि प्रश्नांची वेळ कापू नये. एवढ्याने सभागृहाची हवा बदलते.

हे सारे आपल्या अंकात कशासाठी, असे एखाद्या वाचक मैत्रिणीला वाटेल. वाघ-कासवांचे लोक वेगळे आणि आपण वेगळ्या, असे आपणही धरून चाललो आहोत. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक अंतर्गत समितीवर बाहेरची एक सदस्य घ्यायला सांगितले आहे. ती स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनेतली असावी असे कायदाच म्हणतो. ती जागा आपली आहे. चंद्रपूर, अमरावती, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, जिथे जिथे जंगल खाते आहे आणि संवर्धनाच्या संस्था आहेत, तिथल्या आपल्या मैत्रिणींनी विचारावे. समिती आहे का? बाहेरची सदस्य कोण आहे? वर्षभरात बैठक कधी झाली? कॅम्पवरच्या मुलींना तिचे नाव माहीत आहे का? उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारावे. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. त्यानंतर मुलीच्या मागे कोण उभे आहे, हे ठरवणे थोडेफार आपल्याही हातात आहे.